दुपारचा अंधार मागणारा डायरेक्टर

डायरेक्टरला पडदा फाटका लागायचा. माझा मंडप-डेकोरेशनचा धंदा; सायकलवर बांबू वाहून सक्करदऱ्यात उभा केलेला. नव्या कोऱ्या पडद्यासाठी हुज्जत घालणारी गिऱ्हाइकं रोजची, ठिगळासाठी अडून बसणारं हे एकच. त्याचे सिनेमे कुठल्याच टॉकीजला लागले नाहीत. मनीषनगरच्या रिकाम्या प्लॉटवर माझा पडदा बांधून तो ते दाखवी, आणि सिनेमा चालू असताना स्वतः पडद्यासमोर पाण्याच्या ड्रममध्ये गळ्यापर्यंत बुडून बसून राही. याला तो ‘प्रयोग’ म्हणे. एकदा पोलीस आले, तेही मला शोधत; पडद्यावर नाव माझ्या दुकानाचं होतं.

“काहून बसतो गा त्या ड्रममंधी?” मी विचारलं.

“पडद्यावरच्या मानसासाठी कोनी घाबरत नाही, शेठ. माह्यासाठी घाबरते.”

भाव करताना तो मुद्दाम अडून बसे. मी तापलो, आवाज चढला, की एकदम गप्प होऊन माझ्या तोंडाकडे पाही. “काय म्हनलं शेठ? पुन्हा म्हन.” मला वाटे, याला ऐकायला कमी येतं. मी आणखी ओरडे.

एकदा त्याला भर उन्हात मंडपात काळोख हवा होता. मी भडकलो. “दुपारचा अंधार पाहिजे तुले? अंधार का माह्या गोडाऊनमंधी गठ्ठे बांधून ठेवला हाय बे?” हे त्याने माझ्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं.

गेल्या हिवाळ्यात तो काविळीने गेला. यंदा त्याच्या बहिणीने, ताईंनी, त्याचं सगळं लेखन जमवून जाडजूड पुस्तक काढलं. प्रकाशनाचा मंडप माझाच. मी मागे खांबाला टेकून उभा होतो. एका प्राध्यापकांनी पुस्तक उघडलं आणि गंभीर आवाजात वाचलं, “दुपारचा अंधार पाहिजे तुले?” पाठोपाठ माझीच आणखी वाक्यं, शिव्यांसकट. लोक “वा, वा” करत होते. ऐकायला कमी येत होतं म्हणे! हा तर माझं बोलणं घरी नेऊन लिहीत होता.

मी तडक मंचावर चढलो. “अबे, हे माहं हाय! मी बोललो होतो! चोर होता तुमचा डायरेक्टर!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. मोबाइल वर झाले. प्राध्यापकांनी हात जोडून माइक माझ्यापुढे सरकवला. त्यांना वाटलं, हाही त्याचाच प्रयोग. मी जितका ओरडलो तितक्या टाळ्या वाढल्या. जन्मभर याच रागाच्या जोरावर धंदा केला. तो असा हास्यास्पद ठरलेला पहिल्यांदाच पाहिला.

टाळ्या वाजवल्या नाहीत त्या एकट्या ताईंनी. दुसऱ्या दिवशी त्या पुस्तक घेऊन गोडाऊनवर आल्या.

“भाऊ, जे जे तुमचं हाय त्याच्यावर निशाणी करा. पुढच्या आवृत्तीत तुमचं नाव टाकू.”

मी पेन्सिल घेतली आणि भराभर रेघा मारत सुटलो. एका ओळीशी हात थबकला: “पडाच्या तयारीनं उभं राह, मंग पडत नाही.” बांबूवर चढणाऱ्या माझ्या माणसांना मी हे रोज सुनावतो. पण पानाच्या माथ्यावर छापलं होतं, ती त्याच्या पहिल्या प्रयोगातली ओळ होती, आमची ओळख होण्याच्या कितीतरी आधीची.

“हे तुमचं का, भाऊ?” ताईंनी विचारलं.

मी पेन्सिल कानामागे खोचली. तो असता, तर त्या एका ओळीवरून आमची संध्याकाळपर्यंत जुंपली असती.