एकेचाळीस झेंड्यांची रांग

माझ्या थोरल्या जाऊबाई झेंडे शिवतात. वीस वर्षं हेच काम, आणि टाका असा की वाऱ्याने कापड फाटेल पण शिवण उसवणार नाही. मी नाड्या ओवते आणि तोंड चालवते.

बड्या देशाने युद्ध काढलं तेव्हा त्यांच्या वकिलातीने आमच्याकडून एकेचाळीस झेंडे शिवून घेतले. युद्धात साथ देणाऱ्या देशांची म्हणे वकिलातीच्या दालनात रांग! बड्याने शब्द टाकला की आमचे मंत्री मान डोलावणार, हे ठरलेलंच. आमचंही पथक गेलं आणि त्यात जाऊबाईंचा एकुलता एक लेक. रांगेतला आपला झेंडा त्यांनीच शिवला, दातओठ खात.

पण ते युद्ध कोणाला पटेना. खुद्द त्यांचेच लोक रस्त्यावर उतरले. झाकली मूठ सव्वा लाखाची होती, बड्याने युद्ध काढून ती उघडून दाखवली! एकेक देश आपलं सैन्य माघारी नेऊ लागला. जो बाहेर पडला त्याचा झेंडा रांगेतून निघायचा आणि धुऊन, इस्त्री करून ठेवायला आमच्याकडे यायचा. वकिलातीचा शिपाई पिशवी घेऊन दारात दिसला की जाऊबाईंचे हात थांबत.

"कोणाचा रे?"

दर वेळी दुसऱ्याचाच.

एकदा पिशवीतून आपला निघाला. जाऊबाईंनी मला धरून गरागरा फिरवलं, "सुटला गं माझा पोरगा!" शिपाई ओशाळला. "मावशी, यावर कॉफी सांडलीये. डाग काढून उद्या परत हवाय."

मेल्या, हे आधी सांगायला काय झालं होतं? मी म्हटलं, "राहू द्या तो डाग!" पण जाऊबाईंनी तो घासून काढलाच. म्हणाल्या, "झेंड्याचा काय दोष?"

रांगेत सव्वीस उरले, मग अकरा. बड्या देशाचे साहेब येऊन दम देऊन गेले, तर आमच्या मंत्र्यांनी गोड बोलून त्यांना वाटेला लावलं. पूर्वी हेच त्यांचा फोन उभं राहून घ्यायचे!

काल दुपारी शिपाई पुन्हा आला. पुन्हा आपलाच झेंडा. एकदा तोंड पोळलेलं, जाऊबाईंनी आधी तो उलटसुलट करून डाग शोधला.

"आता काय सांडलंय?" मी विचारलं.

"काही नाही. ठेवूनच द्यायचाय."

जाऊबाई रडता रडता हसल्या. वीस वर्षांत पहिल्यांदा तापलेली इस्त्री तशीच टाकून उठल्या आणि लेकाची गादी उन्हात घालायला गच्चीवर धावल्या. मी इस्त्रीचं बटण बंद केलं आणि त्याची उशी घेऊन मागोमाग पळाले.