मार्चमध्ये पाहिलेली नदी

लातूरहून सकाळी निघालेली एसटी दुपारी मांजरी फाट्याजवळ अडकली आणि अर्धा तास जागची हललीच नाही. खिडकीतून एकीकडे ऊस दिसत होता, दुसरीकडे वीसमजली इमारती, आणि मधे घरांची जाहिरात: 'नदीकाठी निवांत जगा.' मी तोंड फिरवलं. अकरा वर्षं मी पुण्याला यायचं टाळत होतो. मांजरीकडे तर बघायचंसुद्धा नव्हतं, आणि नेमकी तिथेच बस थांबली.

यायचं कारण कचेरीचं होतं. आमच्या बँकेला यंदा वार्षिक अहवालात एक नवी गोष्ट उघड सांगायची आहे. ज्या घरांवर आपण कर्जं दिली, त्यांतली किती घरं पुराच्या वाटेत आहेत? कर्ज देताना हे आपल्याला माहीत होतं का? त्यासाठी, जुन्या पाहण्या ज्यांनी केल्या त्या आम्हा लोकांना बोलावलं होतं. बोलावणाऱ्या होत्या विभागप्रमुख रंजना कांबळे. मी पुण्याच्या शाखेत होतो तेव्हा त्या माझ्या हाताखाली होत्या. पत्र वाचताना मला आधी पूर आठवला नाही. आधी नजर गेली ती सहीखालच्या पदावर. त्यांचं पद दोन ओळींत लिहिलेलं होतं. माझं एका शब्दात मावतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही खडकीला भेटलो. मॅडमनी दिवसाची आखणी नदीच्या वाहण्याप्रमाणे केली होती: खडकी, येरवडा, मांजरी. पुलाजवळच्या हॉटेलात चहा आणि बनमस्का (लोणी लावलेला गोडसर पाव, चहात बुडवून खायचा) झाला. बनमस्का उत्तम होता, पण मला त्याचा आनंद घेता आला नाही, कारण हॉटेलवाल्यानं मॅडमकडून पैसे घेतले नाहीत. पलीकडच्या सोसायटीचा वॉचमन तर लांबूनच ओरडला, "मॅडम, यंदा तीन पायऱ्या! जिन्याच्या तीन!" त्यांनी टेप काढून भिंतीवरचा चिखलाचा पट्टा मोजला.

"हे देशमुख साहेब," त्यांनी माझी ओळख करून दिली. "पूर्वी ह्यांनीच ही सोसायटी पाहिली होती."

"कधी?" वॉचमननं विचारलं.

"मार्चमध्ये," मी म्हणालो.

"मार्चमध्ये नदीत आम्ही क्रिकेट खेळतो, साहेब," तो म्हणाला.

यात अतिशयोक्ती फारशी नव्हती. आमच्याकडे सगळ्या पाहण्या मार्चअखेरच्या धावपळीत व्हायच्या. वर्षाचं उद्दिष्ट पुरं करायचं असायचं, अर्जांचे गठ्ठे पडलेले असायचे. आम्ही जायचो तेव्हा नदीत शेवाळ आणि म्हशी. फॉर्मवर 'पुराचा धोका' असा रकाना होता. त्यात मी वर्षानुवर्षं 'नाही' लिहिलं, आणि त्या दिवशी डोळ्यांना जे दिसलं त्याप्रमाणे ते खोटंही नव्हतं. एकटी ही बाई ऑगस्टमध्ये, कोणी सांगितलं नसताना, स्वतःच्या स्कूटरवरून त्याच जागा पुन्हा बघून यायची.

येरवड्यात नदीकडे उतरताना राडारोडा (पाडलेल्या बांधकामाचे दगडविटांचे ढीग, इथे ते सर्रास नदीत टाकतात) तुडवत जावं लागलं. तिथे माझ्या बुटाचा तळ सुटला आणि जिभेसारखा लोंबू लागला. मॅडमनी पिशवीतून रबरी चपला काढल्या. "भावाच्या आहेत. घाला. इथे बूट घालून कोणी येत नाही." मी घातल्या. त्या मला बरोबर झाल्या याचाही राग आला.

जेवण त्यांच्या माहेरी. दोन खोल्यांचं नीटनेटकं घर, फळीवर बुद्धाची मूर्ती, आणि दाराच्या चौकटीवर एकावर एक ठोकलेले खिळे. दर पुराला पाणी जिथवर चढलं तिथे त्यांचे वडील एक खिळा मारत. ते महापालिकेतून निवृत्त झालेले, बोलणं तुटक. भाकरी, भरीत आणि जवसाची चटणी पुढे ठेवून म्हणाले, "आपण लातूरचे?"

"हो."

"तुमच्याकडे पाणी येत नाही. आमच्याकडे विचारून येत नाही. वाढू अजून?"

मी ते खिळे बघत होतो. जिला बँकेत आम्ही 'नदीवाली बाई' म्हणून हसलो, तिला हे लहानपणापासून ठाऊक होतं. माझ्या मोठ्या घरात मला असं काही कोणी शिकवलं नव्हतं. घास गिळताना वाटलं, हे खिळे माझ्या चौकटीवर का नाहीत. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला खिळ्यांचाही हेवा वाटू शकतो.

आता मुख्य गोष्ट. अकरा वर्षांपूर्वी मांजरीच्या एका नव्या आळीतल्या घरासाठी अर्ज आला. मॅडमनी आदल्या ऑगस्टमध्ये ती आळी पाहिली होती. 'रस्त्यावर कमरेएवढं पाणी, तळमजला राहण्याजोगा नाही,' अशी एकपानी नोंद त्यांनी अर्जाला जोडली. त्याच आठवड्यात मोठ्या साहेबांनी मॅडमची दुसरी एक नोंद बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "पाहणी अशी करतात, देशमुख." मी खाली मान घालून हसलो. संध्याकाळी मांजरीच्या फायलीतून ते पान काढलं, फाडलं आणि रकान्यात 'नाही' लिहिलं. मी कोणाकडून काही घेतलं नव्हतं. मला फक्त तिचं आणखी एक पान वाचलं गेलेलं नको होतं.

मांजरीला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. ते घर रेखाबाई घुल्यांचं. तळमजल्यावर त्यांची पिठाची गिरणी आहे. दोन पावसाळ्यांत मोटर पाण्यात बुडाली. कर्जाची मुदत वाढवून द्या, गिरणी उंच ओट्यावर घ्यायची आहे, असा अर्ज त्यांनी बँकेकडे केला होता. बँकेचं उत्तर होतं: कर्ज देताना इथे पूर येतो अशी कोणतीही सूचना आमच्याकडे नव्हती, धोका तुमचा.

"समदे सांगत व्हते, तितं पानी येतंय," रेखाबाई म्हणाल्या. "म्या म्हनलं, येडे हाय का तुमी? बँकेचा साहेब बघून गेला, बँक पैसं देती, म्हंजी जागा चांगलीच आसनार की!"

मॅडम भिंत मोजत म्हणाल्या, "माझी नोंद होती, असं मला आठवतं. पण फायलीत नाही. नुसत्या आठवणीवर हा अर्ज पुढे जाणार नाही, ताई."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कदाचित मी गप्प बसलो असतो. नोकरीची तीन वर्षं उरली आहेत.

"नोंद होती," मी म्हणालो. "मी काढून टाकली."

गिरणीचा पट्टा फिरत होता. रेखाबाईंनी पदरानं हातावरचं पीठ पुसलं. "म्हंजी, त्ये साहेब तुमी?"

"हो."

"लिवून देताय?"

"देतो."

"मंग बसा तितं पोत्यावर. आदी ह्या गिराइकाचं दळन काढती, त्ये मगापास्नं उभं हाय. मग तुमचं बगू."

मी पोत्यावर बसून लिहिलं. मॅडमनी कागद उभ्यानंच वाचला. "यातला 'चुकून' हा शब्द काढा, साहेब."

मी काढला.

"का काढलं होतं पान?"

"हेवा," मी म्हणालो.

"माझा?" त्या हसल्या नाहीत. टेप गुंडाळू लागल्या. "मला वाटलं, माझं मोजमाप चुकलं म्हणून तुम्ही ते घेतलं नाही. कधी विचारायचा धीर झाला नाही. तेव्हापासून मी प्रत्येक भिंत दोनदा मोजते."

परतीच्या बसमध्ये मला मोकळं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. मोहोळपर्यंत मी एवढाच विचार करत होतो, की ही बाई माझ्यापेक्षा चांगली आहे, आणि हे मला अजूनही आवडत नाही. कबुली दिली म्हणून हेवा सुटत नाही. तो शेजारच्या सीटवर बसून घरापर्यंत आला.

पुढचं थोडक्यात. रेखाबाईंचा अर्ज पुन्हा विचारात घेतला गेला, मुदत मिळाली. मला कारणे दाखवा नोटीस आली, उत्तर दिलं आहे. बँकेचा अहवाल छापून आला. त्यात एक ओळ आहे: 'एका प्रकरणी पुराबाबतची पूर्वसूचना नोंदीतून वगळली गेली होती.' मॅडमचा फोन आला. "अहवालात व्यक्तींची नावं नसतात, साहेब. सुटलात."

सुटलो खरा. पण त्या ओळीत ती सूचना कोणी लिहिली होती, तेही नाही. म्हणून इथे लिहितो. मांजरीच्या त्या आळीत पाणी येतं, हे रंजना कांबळे यांनी वेळेवर, मोजून लिहिलं होतं. ते पान मी फाडलं.