नटेश हाइट्सचा शेवटचा कोलू

चेन्नईत वेस्ट मांबलमच्या नटेश हाइट्सला परवानगी होती चार मजल्यांची. बिल्डर उत्साही, तो अकरावर थांबला. खटला बरीच वर्षं चालला आणि २००६ मध्ये, मजले बेकायदा नि बांधकामही कच्चं म्हणून, इमारत पाडायचा हुकूम आला. बाकीची बिऱ्हाडं गेली. नवव्या मजल्यावरच्या रत्नप्रभाबाईंनी मात्र नवरात्राचा कोलू मांडला.

कोलू म्हणजे पायऱ्यांवर भरलेला बाहुल्यांचा दरबार. घर तंजावरी मराठी. बाहुल्या एकदा बसल्या की दसऱ्याच्या रात्रीपर्यंत हलवायच्या नाहीत. घर जाऊ दे, पण यंदाचा कोलू इथंच पुरा व्हायचा, एवढाच बाईंचा हट्ट.

"आई, तिकडं आवडी गावात आमच्या क्वार्टरमध्ये मांडू की!" मुलगा गिरीधर म्हणाला.

"बसलेल्या देवीला उठवून टेम्पोत घालू? आधी तुझ्या सासूला सोफ्यावरनं उठवून दाखव."

पाचव्या दिवशी पाडकामाचा ठेकेदार नारायणस्वामी धापा टाकत जिना चढून आला. आत दशावतार मांडलेले पाहिले आणि त्यानं चपला काढल्या.

"अम्मा, कोलू?"

"दिसतोय ना? बस, सुंडल खा."

हातात फोडणीच्या चण्यांची वाटी घेऊन कुणाचं घर कसं पाडणार? शिवाय त्याच्या आईनंही घरी कोलू मांडलेला. "तोवर खालच्या खिडक्या काढतो," असं पुटपुटत तो उतरला. शेजारणी उरल्या नव्हत्या, म्हणून संध्याकाळी बाईंनी हळदीकुंकवाला त्याच्याच कामावरच्या बायका बोलावल्या.

नवमीला आयुधपूजा. त्या दिवशी हत्यारं काम करत नाहीत, पूजा करून घेतात. नारायणस्वामीनं घण, पहारी, ड्रिल सगळं आणून कोलूच्या पायथ्याशी ठेवलं. बाईंनी घणाला सर्वांत मोठं कुंकू लावलं.

"आई, हा आपल्याच भिंतीवर पडणार आहे."

"म्हणून तर. उघड्या कपाळानं कशाला येईल?"

दसऱ्याच्या सकाळी नारायणस्वामी डोकं खाजवत हजर. पूजलेलं हत्यार विजयादशमीला चालवायलाच हवं, नाहीतर धंदा बसतो. बाहुल्या तर रात्रीपर्यंत जाग्या!

"मुहूर्ताचा एकच घाव. मी दाखवीन तिथं," बाईंनी निकाल दिला आणि त्याला गच्चीवर नेऊन कठडा दाखवला.

घण पडला. रंगाचा पोपडा उडाला, कठडा ढिम्म.

"बघ! आणि म्हणे बांधकाम कच्चं!"

"अम्मा, आणखी एक मारू?" तो ओशाळून म्हणाला.

"उद्या."

रात्री बाईंनी रिवाजाप्रमाणे एक बाहुली आडवी करून झोपवली. कोलू पुरा झाला. सकाळी टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून त्या नारायणस्वामीला बजावत होत्या, "माझं स्वयंपाकघर जपून पाड. ते आमच्या ह्यांनी स्वतःच्या देखरेखीखाली बांधून घेतलंय, कधीही अंगावर येईल!"