वास्तुपुरुषाचा रुपया

मी माझ्या सख्ख्या बहिणीच्या नव्या घराची फरशी ऐन वास्तुशांतीच्या दिवशी फोडली. घर सांगलीत, मी साताऱ्याचा आणि हातोडा गवंड्याचा. (निदान हातोडा तरी माझा नव्हता, हे कुणी लक्षातच घेत नाही!)

सुरुवात झाली मोबाईलवरच्या एका व्हिडिओनं. एक गृहस्थ हातात भिंग घेऊन सांगत होते, की नाण्यावर वर्षाच्या आकड्याखाली एक बारीक खूण असते. पत्त्यातल्या चौकटीसारखी असेल तर नाणं मुंबईच्या टांकसाळीतलं, चांदणी असेल तर हैदराबादचं, ठिपका असेल तर नोएडाचं. कधीकधी टांकसाळीत चूक होते आणि अशा चुकलेल्या नाण्याला शौकीन लोक लाखभर मोजतात! एवढ्यात स्वयंपाकघरातून बायको ओरडली, "अहो, दूध बघा!" मी दूध बघायला पळालो, आणि उरलेला व्हिडिओ राहिला तो राहिलाच. (दूधही उतू गेलंच.)

दुसऱ्या दिवशी भिंग आणलं. मग काय विचारता! भाजीवालीनं सुटे दिले की मी तिथंच, मेथीच्या ढिगाशेजारी उकिडवा बसून तपासणी सुरू करायचो. "आवं, खोटं न्हाईत पैसं माझं!" ती एकदा चिडून म्हणाली. आणि एके दिवशी कंडक्टरनं दिलेल्या सुट्यांत तो सापडला. एक रुपया! वर्षाखाली चौकट नाही, चांदणी नाही, ठिपका नाही. कोरा करकरीत! टांकसाळीतला माणूस खूण मारायचीच विसरला होता!

मी कुणालाही बोललो नाही. बायकोलासुद्धा नाही. (शोरूममध्ये जाऊन गाडीचा रंग मात्र पसंत करून आलो. लाल.) रुपया ठेवला देवघरातल्या चांदीच्या करंड्यात, कापसावर. तिथं कोण हात लावतंय?

आईनं लावला.

त्याच आठवड्यात सांगलीला मंदाताईची वास्तुशांत होती. मंदाताई माझी थोरली बहीण. सोळा वर्षं भाड्याच्या दोन खोल्यांत काढून तिनं आणि दाजींनी हे घर बांधलं होतं. चार दुकानं पालथी घालून तिनं मोतिया रंगाची फरशी पसंत केली होती, आणि आम्ही चपला काढून आत गेलो तरी ती पायांकडं बघत होती. दाजी बावीस वर्षं फौजेत काढून आलेले, त्यामुळं घरात सगळं हुकमावर चाले.

वास्तुशांतीला घराच्या आग्नेय कोपऱ्यात खड्डा ठेवतात. त्यात वास्तुपुरुषाची प्रतिमा, पंचरत्नं आणि एक नाणं ठेवून वर फरशी बसवतात. हे सगळं झालं तेव्हा मी गच्चीवर जिलेबी कशी झालीय ते बघत होतो. (सहा वेळा.) खाली आलो तर गवंडी हात धुवत होता आणि आई समाधानानं पदर सावरत होती.

"झालं बाबा नीट," आई म्हणाली. "सगळ्यांचे पैशे मोबाईलात, सुट्टा रुपया एकाकडं निघंना, आन् गुरुजींच्या दक्षिणेतला चालत न्हाई! बरं तर बरं, मी येताना करंड्यातला घिऊन आलते. देवापाशी ठेवल्याला हुता, लय चांगला."

"कुठला करंडा?"

"चांदीचा. कापसावर हुता बग."

डोळ्यांसमोरून ती लाल गाडी आग्नेय कोपऱ्यात शिरली.

पंगत गच्चीवर बसली. मी पोट दुखतंय म्हणून खाली राहिलो. सिमेंट ओलं होतं, गवंड्याची थैली तिथंच होती. फरशी हलकेच उचलायची, रुपया घ्यायचा, दुसरा ठेवायचा, बस्स! छिन्नी लावली. एकच टोला मारला. खाड्! फरशीचे तीन तुकडे झाले आणि शेजारचीलाही चीर गेली.

"कोण ठोकतंय रं खाली?" दाजी ताकाचा जग घेऊन दारात उभे.

"दाजी, फरशी पोकळ वाजत होती. म्हटलं, तपासावी."

"छिन्नीनं?"

मागोमाग ताई आली. तिनं फरशी बघितली, माझ्याकडं बघितलं आणि तिचे डोळे भरले. "आरं, आजच्या दिवशी माझं घर फोडलंस?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उष्ट्या हातांनी सगळी पंगत खाली उतरली. मग मी सगळं सांगून टाकलं. व्हिडिओ, खूण, लाख रुपये, सगळं.

दाजींनी जग खाली ठेवला.

"लाख?"

"वर एखादवेळेस."

"मग असं मुंगीवानी काय कोरताय पाव्हणं? सरका तिकडं!" आणि दाजींनी स्वतः हातोडा घेतला.

"गुरुजी, वास्तुपुरुषाला उकरल्यालं चालतंय का?" आईनं घाबरून विचारलं.

"चालत नाही," गुरुजी मान लांब करून खड्ड्यात बघत म्हणाले, "पण एवढं उकरलंच आहे, तर बघून घ्या."

रुपया निघाला. ताईनं पदरानं पुसला. मी भिंग धरलं. "बघा! वर्षाखाली काही आहे?"

"काय बी न्हाई!" दाजी ओरडले. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

गुरुजींनी शांतपणे रुपया हातात घेतला. मग कमरेची दक्षिणेची पिशवी सोडली आणि पाटावर नाणी ओतून त्यांतली अकरा वेगळी काढली. "ही बघा. एकावरही खूण नाही. कोलकात्याची टांकसाळ खूण करतच नाही. तीस वर्षं दक्षिणा घेतोय मी!"

व्हिडिओच्या उरलेल्या अर्ध्यात हेच होतं. घरी जाऊन बघितला.

गुरुजींनी तोच रुपया पुन्हा मंत्र म्हणून ठेवला, नवीन दक्षिणा माझ्याकडून. दुकानात तो मोतिया रंग संपला होता, त्यामुळं कोपऱ्यात आता दोन फरश्या पिवळ्याजर्द आहेत. त्याही माझ्याकडून. ताई चार दिवस रुसली, पाचव्या दिवशी आठवून आठवून फोनवर हसायला लागली.

परवा मी आणि आई तिच्याकडं असताना पाव्हणे आले होते. त्यांनी विचारलं, "ह्या दोनच फरश्या येगळ्या कशा?"

ताई काही बोलायच्या आत आई म्हणाली, "फरशीत काय चूक न्हाई. चूक माज्या टांकसाळीत झाली. ती काय, शिरा खात बसलीया!"

पाव्हण्यांनी माझ्याकडं बघितलं. भिंग कुणीच मागितलं नाही.