वाचून न दाखवलेलं पत्रक

आमच्या गटात तो आला तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. तीन वर्षं आम्ही माणसं शोधत होतो. शनिवारी संध्याकाळी नांदेडच्या आयटीआय चौकात हातात पाट्या घेऊन तासभर मुकाट उभं राहायचं, एवढाच आमचा कार्यक्रम. तेवढ्यासाठीही सात-आठांच्या वर कोणी जमत नव्हतं. त्यात पंचविशीच्या आतला, धडधाकट, स्वतःहून विचारत आलेला माणूस मिळाला. मला आनंद झाला नाही. पहिल्याच शनिवारी झाला नाही, हे आज सरळ लिहून टाकते.

तो लातूरकडचा, चाकूरच्या बाजूच्या एका खेड्यातला. नांदेडला औषधाच्या दुकानात कामाला होता. त्याआधी दोन वर्षं त्यानं सैन्यभरतीची तयारी केली होती, पहाटे डांबरी रस्त्यावर पळून पळून बूट फाडले होते, आणि छातीच्या मापात थोडक्यात राहिला होता. थोरला भाऊ मात्र लागला. तो तेव्हा सीमेवर होता. असा माणूस ‘युद्ध नको’ ही पाटी धरून उभा राहतो तेव्हा रस्त्यावरचे लोक गाडी हळू करून बघतात. मी धरली की हॉर्न वाजवतात.

माझा भाऊ फौजेत नव्हता. मला भाऊच नाही. माझ्याकडे पत्रकं होती.

पत्रक लिहायला मला बाईंनी शिकवलं. बाई म्हणजे मराठीच्या निवृत्त शिक्षिका. विष्णुपुरीच्या रस्त्याला त्यांचं घर आणि बुधवारची बैठक तिथंच. माझ्या पहिल्या पत्रकातली सगळी विशेषणं त्यांनी लाल पेनानं खोडली होती. पहिल्या ओळीत घटना, मग एक माणूस, शेवटी मागणी. ‘निषेध’ हा शब्द एका पत्रकात एकदाच, कारण दुसऱ्यांदा तो कोणी ऐकत नाही. आणि या सगळ्याच्या वर एक नियम: ज्याची हकीकत पत्रकात घ्यायची, त्याला छापण्याआधी समोर बसून वाचून दाखवायची. तो ‘हां’ म्हणाला तरच छापखाना. चार ओळींसाठी मी एकदा इस्लापूरला एका आजींकडे जाऊन आले होते. त्या आजींनी डोळे मिटून ऐकलं आणि चारातल्या दोन ओळी काढायला लावल्या. त्या दोनच चांगल्या होत्या. मी काढल्या.

सांगायचं हे, की नियम मला ठाऊक नव्हता असं नाही.

त्याच्या पहिल्या शनिवारी चौकातल्या रिक्षा स्टँडवरचा एक रिक्षावाला नेहमीप्रमाणं ओरडला, की मॅडम, तिकडच्यांना हारतुरे पाठवायचे का आता. हा रिक्षावाला माझं जुनं गिऱ्हाईक. तीन वर्षं मी त्याला पत्रक देत होते आणि तीन वर्षं तो त्यानं काच पुसत होता. मी पाटी खाली ठेवली, त्याच्यासमोर गेले आणि शस्त्रांच्या व्यापारात कोणाचे खिसे भरतात ते त्याला समजावून सांगितलं. त्यानं जांभई दिली. मग हा लातूरवाला सावकाश तिथं आला आणि विचारलं, “काका, तुमच्या घरातलं कोणी हाय का फौजेत?”

“मेव्हणा हाय,” रिक्षावाला म्हणाला.

“मग फोन येतो का त्याचा?”

झालं. तो रिक्षात मागच्या सीटवर जाऊन बसला, रिक्षावाला पुढून मान वळवून बोलत राहिला, आणि आमचा तास संपून पाट्या गोळा झाल्या तरी दोघांचं चालूच. पुढच्या शनिवारी त्या रिक्षावाल्यानं रिक्षा आमच्या बाजूला लावली. पाटी नाही धरली, पण ओरडलाही नाही. मला म्हणाला, “तुमचा तो पोरगा लई समजदार हाय.” तुमचा तो. तीन वर्षं काच पुसली माझ्या पत्रकांनी, आणि समजदार तो.

बाईंच्या घरीही तेच. तिथं निळ्या फुलांचा एक कप होता, त्यात मला चहा मिळायचा. ठरलेलं असं काही नव्हतं, पण मिळायचा. एका बुधवारी तो कप त्याच्या हातात होता. वर तो मला ‘ताई’ म्हणायचा. आमच्यात वर्षा-दीड वर्षाचं अंतर, आणि हा ताई म्हणून मला म्हातारी करून राहिला. बाई त्याला ‘बाळा’ म्हणायच्या. मला अजूनही ‘अगं’.

तो बैठकीत बोलायचा तेव्हा मी वहीत लिहीत असल्याचं दाखवायचे. खरं तर ऐकत असायचे. त्याच्या वाक्यांना शेवट नसायचा, मुद्दा नसायचा, मागणी तर कधीच नसायची. तरी लोक पुढं झुकायचे. माझ्या बोलण्यात पहिला मुद्दा, दुसरा मुद्दा आणि तिसऱ्याला कोणीतरी मोबाइल बघायचं. हे अन्यायकारक होतं. मी अन्यायाविरुद्ध लिहिणारी बाई, पण याविरुद्ध कुठं पत्रक काढणार?

मग तो उन्हाळा आला. सीमेवर तणाव वाढला, टीव्हीवर नकाशे आणि बाण फिरायला लागले, गल्लीतली पोरं स्टेटसला रणगाडे लावायला लागली. ज्यांच्या घरातून कोणीच जाणार नव्हतं त्यांचा आवाज सगळ्यात मोठा. त्या बुधवारी तो उशिरा आला. बाईंनी विचारल्यावर म्हणाला की आईनं कुकर लावायचं सोडलंय. भात पातेल्यात शिजवते. कुकरच्या शिट्टीत फोनची रिंग ऐकू आली नाही तर, म्हणून. खिडकीच्या एका कोपऱ्यातच रेंज येते, तिथं स्टीलच्या ताटलीत फोन ठेवलेला असतो, म्हणजे नुसता थरथरला तरी ताटली वाजते. परवा हा गावी गेला होता तेव्हा भावाचा फोन आला. आईशी हसून बोलला आणि मग याला एकट्याला म्हणाला, भीती वाटती रे, पण इथं कोणाला म्हणायचं?

मग तो म्हणाला, “हे इथंच राहू द्या.”

मी त्या क्षणी काय विचार केला ते लिहिते, कारण बाकी सगळं त्यातून आलं. मी विचार केला: हे माझ्याकडे असतं तर.

पुढच्याच आठवड्यात मराठवाड्यातल्या आमच्यासारख्या छोट्या गटांनी लातूरला सभा ठरवली. प्रत्येक गावाला पाच मिनिटं. नांदेडची पाच मिनिटं माझी, हे मी गृहीत धरलं होतं. आंघोळ करताना भाषण पाठ करत होते. बुधवारी बाई म्हणाल्या की लातूरला लातूरचाच बोलू दे. सगळ्यांनी माना डोलावल्या. तो नको म्हणाला, ताईंना बोलू द्या म्हणाला, आणि त्यानं असं म्हटल्यामुळं तर मला आणखी राग आला. शेवटी तो तयार झाला. माझ्याकडे सभेचं पत्रक आलं. नेहमीप्रमाणं.

त्या पत्रकात मी कुकर घातला. ताटली घातली. आणि चौथ्या ओळीत भावाचं वाक्य घातलं, जसंच्या तसं, ‘चाकूर तालुक्यातल्या एका जवानाचे शब्द’ म्हणून. नाव नाही, गाव नाही. मनाची समजूत घालायला तेवढं पुरलं. पत्रकात माणूस हवा, बाईंनीच शिकवलंय, असंही मी स्वतःला सांगितलं. पण खरा हिशोब वेगळा होता. तो माइकसमोर उभा राहील तेव्हा त्याची गोष्ट लोकांच्या हातात आधीच असेल, माझ्या शब्दांत. त्याच्याकडे सांगायला काही उरणार नाही.

बाईंनी मजकूर वाचला. माझ्या चष्म्याकडे बघत विचारलं, “त्याला वाचून दाखवलंस?”

मी हो म्हणाले. दुकानावर जाऊन आले म्हणाले. बाईंनी लाल पेन खालीच ठेवलं आणि म्हणाल्या की हे तू आजवर लिहिलेलं सगळ्यात चांगलं पत्रक आहे. तीन वर्षं मी त्या एका वाक्याची वाट बघत होते. ते मिळालं तेव्हा तोंड कडू झालं.

वजिराबादेतल्या छापखान्यात छापून घेतलं आणि गठ्ठा लातूरच्या एसटीवर ड्रायव्हरच्या ताब्यात दिला. तिकडच्या कार्यकर्त्यांनी तो उतरवून घेतला आणि सभेआधी तीन दिवस वाटप सुरू केलं. आमच्यात वाटप नेहमी आधीच होतं. ते लोक कामसू. त्यांनी लातूरबरोबर चाकूरच्या स्टँडवरही वाटलं.

शुक्रवारी त्याचा फोन आला. मला वाटलं शिव्या देईल. शिव्या दिल्या असत्या तर बरं होतं, मला भांडता येतं.

“ताई,” तो म्हणाला, “आईनं वाचलं ते. तिला वाचता येतं.”

मग तुटक तुटक बोलला. त्यांच्या गावातून फौजेत एकच जण आहे, आणि ताटलीतला फोन सगळ्या गावानं बघितलाय. गावानं त्याचा सत्कार केलेला, वेशीवर अजून बॅनर आहे. चहाच्या हॉटेलात कोणीतरी वडिलांना विचारलं, तुमचा वाघ भ्याला म्हणं. वडील कप तसाच ठेवून घरी आले आणि तेव्हापासून बाहेर पडले नाहीत. कागद फौजेतल्या साहेब लोकांच्या हातात पडला तर काय, याचा आईनं धसका घेतलाय. आणि भावाचा फोन चार दिवस नाही. का नाही, ते कोणालाच माहीत नाही.

मी माफी मागितली की नाही, ते आठवत नाही. बहुतेक मी म्हणाले की नाव कुठं टाकलंय. फोन बंद झाला.

रविवारी सकाळी बाई आणि मी लातूरच्या गाडीत बसलो. तो गावाकडूनच येणार होता, किंवा येणार नव्हता. लोहा गेलं. बाई खिडकीतून बघत होत्या. अहमदपूर यायच्या आधी मी सांगितलं, की वाचून दाखवलं नव्हतं. मुद्दाम दाखवलं नव्हतं. शुक्रवारचा फोनही सांगितला. अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थांबली, लोक उतरले, चढले, एकानं आमच्या पायाशी पिशवी ठेवली. गाडी सुटल्यावर बाई म्हणाल्या, “मग आज तूच बोल.”

“शिक्षा म्हणून?”

“पाच मिनिटं आहेत आपली. वाया कशाला घालवायची?”

गंजगोलाईजवळच्या एका छोट्या हॉलमध्ये सभा होती. हवी ती जागा मला मिळाली होती. माझ्या पिशवीत पाठ केलेलं भाषणही होतं, त्यात टीव्हीवाल्यांना चांगलं झोडपलेलं. पुढच्या रांगेत प्रत्येकाच्या मांडीवर माझं पत्रक होतं, आणि काही जण ते खरंच वाचत होते. काच पुसत नव्हते. आयुष्यात पहिल्यांदा.

तो मागच्या दाराशी उभा होता. शेजारी डोक्यावर पदर घेतलेली एक बाई. ती त्याची आई हे कोणी सांगायची गरज नव्हती. तिच्या मुठीत फोन होता.

मी भाषण काढलंच नाही. म्हणाले की तुमच्या हातातल्या कागदावरची चौथी ओळ चोरलेली आहे. ती एका घरात विश्वासानं सांगितली गेली होती आणि इथंच राहू द्या असं सांगून सांगितली होती. ज्यांची ती आहे त्यांना न विचारता मी छापली, आणि त्यांच्या चांगल्यासाठी छापली नाही, मला चांगलं म्हणावं म्हणून छापली. ते कागद मला परत द्या. एवढंच बोलले. पाचातली दोन मिनिटंही झाली नसतील.

आधी कोणी उठलं नाही. मग पहिल्या रांगेतले एक आजोबा म्हणाले, “कागद घे की पोरी. पण वाचलेलं कसं परत देऊ?”

कोणीतरी हसलं. मी मात्र रांगांमधून फिरले आणि कागद गोळा केले. बहुतेकांनी दिले. मागच्या दारापर्यंत पोचले तेव्हा त्याच्या आईनं माझ्याकडे बघितलं नाही. तिनं कमरेची पिशवी काढली, त्यातून चौघडी करून ठेवलेला तो कागद काढला, आणि माझ्या हातातल्या गठ्ठ्यावर न ठेवता त्याच्या हातात दिला. त्यानं तो गठ्ठ्यावर ठेवला.

“सकाळी फोन आला भावाचा,” तो म्हणाला. “त्याला सांगितलं मी सगळं.”

मी विचारलं, काय म्हणाला.

“म्हणाला, खरंच हाय ते. पण माझं हाय.”

एवढं बोलून तो आईला घेऊन गेला. सभेतले चार-पाच लोक त्याच्यामागं बाहेर गेले, रस्त्यात त्याला गाठून बोलत राहिले. मी गठ्ठा छातीशी धरून बघत होते आणि अशा वेळीसुद्धा मला वाटलं, बोलले मी, आणि लोक गेले त्याच्यामागं. हे मी बाईंना सांगितलं नाही.

त्यानंतर तो कित्येक शनिवार आला नाही. सीमेवरचं शांत झालं, टीव्हीवाल्यांना दुसरं काहीतरी सापडलं. रिक्षावाला दर वेळी विचारायचा, तुमचा तो लातूरवाला कुठंय. मी म्हणायचे, माझ्यामुळं येत नाही. तो मान हलवायचा आणि माझ्याकडून पत्रक घ्यायचा. काच पुसायचा की नाही, ते बघायचं मी सोडलं.

मग एका शनिवारी तो आला. रांगेच्या दुसऱ्या टोकाला, माझ्यापासून सगळ्यात लांब उभा राहिला. तास संपल्यावर मी पिशवीतून नव्या पत्रकाचा मजकूर काढला. त्यात त्याचं काही नव्हतं. भरतीसाठी पळणाऱ्या पोरांबद्दल होतं, पण पळलेला आमच्यात तो एकटाच. ऐकतोस का म्हणून विचारलं. तो हो म्हणाला नाही, पण गेलाही नाही. हॉर्नच्या गोंगाटात, चौकात उभं राहून, मी त्याला पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं.

“ते ‘बिचारी’ काढा,” तो म्हणाला. “पळणारी पोरं बिचारी नसत्यात.”

विशेषण होतं. मला दिसायला हवं होतं, आणि दिसलं त्याला. मी पेन काढलं आणि खोडलं. आतल्या आत चडफडत, पण खोडलं.