तिसऱ्या वळणावर उतरणारी माणसं

जुन्या डिझेलच्या गाडीखाली ऑइल साठतं, तसे आमच्या डेपोत किस्से साठतात. विजेच्या गाड्या आल्या, त्यांच्याखाली ऑइल साठत नाही. किस्से मात्र दुप्पट! आता त्या दोन्ही गाड्या कायमच्या बुलढाण्याच्या झाल्यात, म्हणून हे हसत सांगतेय. तेव्हा माझी झोप उडाली होती.

गाड्या आल्या होत्या फक्त चाचणीला. मलकापूरहून भरल्या गाडीनं घाट चढून बुलढाण्याला यायचं. जमलं तर गाड्या आमच्या, नाही जमलं तर सपाटीवरच्या दुसऱ्या जिल्ह्याला. आमच्या गावाला रेल्वे नाही. मलकापूरला आगगाडीतून उतरा आणि घाट चढून या, एवढीच सोय. माझा इंजिनिअरिंगचा एक पेपर याच घाटात, वाफा सोडणाऱ्या गाडीत बसून बुडाला होता. त्यामुळे चार्जिंगचं काम माझ्याकडे आलं त्या दिवशीच मी ठरवलं, गाड्या परत जाऊ द्यायच्या नाहीत!

* * *

पहिली गाठ वीज जोडणीशी. चार्जरसाठी अर्ज घेऊन गेले. खिडकीतल्या बाबूंनी विचारलं, "लोड किती?"

मी सांगितला. त्यांनी चष्माच काढला.

"एवढा! विहीर हाय का बोअर?"

"सर, बस आहे."

"ते ठीक हाय. पाणी किती फुटावर लागलं?"

* * *

आमचे कंडक्टर सलीमभाई. सगळी नोकरी याच मार्गावर गेली. मला 'बेटा' म्हणतात आणि माझं काहीएक ऐकत नाहीत. पहिल्या दिवशी ते पाण्याचा मोठा कॅन घेऊन विजेच्या गाडीत चढले.

"सलीमभाई, हिला रेडिएटरमध्ये पाणी घालावं लागत नाही."

"मालूम है बेटा."

"मग कॅन?"

"घाट तर तोच हाय ना!"

* * *

मग लोकांच्या गाड्या चुकायला लागल्या. घाटाखालच्या एका गावात स्टँडवर कोणी उभंच राहत नाही. सगळे हॉटेलात चहा पीत बसतात. लांबून इंजिनाची घरघर आली की कप खाली ठेवायचा, पिशवी उचलायची. गाडी आणि माणसं बरोबर एकाच वेळी स्टँडवर. वर्षानुवर्षांचा हिशेब!

आमची गाडी आली, थांबली, गेली. हॉटेलात कोणाला पत्ताच नाही. दुसऱ्या दिवशी मीच गाडीत होते. टोपी घातलेले एक आजोबा रस्त्याच्या मधोमध उभे.

"काऊन वो मॅडम, चोरासारखी येऊन जाते काय गाडी?"

"आजोबा, आवाज होत नाही तिचा. चांगलंच आहे ना?"

"कोणाले चांगलं? मी इथं चार चहा पेलो, अन् लग्न तिकडं लागून गेलं!"

तेव्हापासून गावाच्या अलीकडे लांबलचक हॉर्न द्यायचं ठरलं. प्रदूषण कमी करायला आणलेल्या गाडीचा! मी डोक्याला हात लावला.

* * *

आता आमचे ड्रायव्हर वानखडे काका. डिझेल वाचवण्यात डेपोत पहिला नंबर. स्टेजवर बोलावून शाल-श्रीफळ दिलेलं. त्यांची युक्ती सगळ्यांना ठाऊक होती, बोलत कोणी नव्हतं. घाटाचा उतार लागला की काका गाडी न्यूट्रल करायचे. पार पायथ्यापर्यंत फुकटात! नियमात बसत नाही, धोक्याचं तर आहेच.

विजेच्या गाडीतही त्यांनी तेच केलं. आणि डेपोत सगळ्यात रिकामी बॅटरी काकांचीच यायला लागली. काका हिरमुसले. चहालाही येईनात.

शेवटी मीच गेले. "काका, उतारावर न्यूट्रल करू नका. गिअरात असली की उतरताना मोटरच वीज बनवते. बॅटरी भरते."

काका माझ्याकडे बघत राहिले. "म्हंजे मी वाचवून नाही राह्यलो? सांडून राह्यलो?"

"हो काका."

 काका हळूच म्हणाले, "मंग मॅडम, आपण उतरतच राहू ना. चढायचं कशाले?"

* * *

ही गोष्ट प्रवाशांत पसरायला वेळ लागला नाही. उतारावर काकांपुढच्या पडद्यावरचा बॅटरीचा टक्का वाढताना लोक वाकून वाकून बघायचे. एकदा एका शेतकऱ्यानं विचारलं, "मॅडम, हे घाट उतरल्यावर वीज तयार होते म्हंता, खरं हाय काय?"

मी उत्साहानं सगळं समजावलं. तो शांतपणे ऐकत होता.

"मंग गाडी खाली पोचली की आमच्या फिडरले जोडत जा. आमची वीज रातचीच येते. दिवसाच्या पाण्याचं तेवढं तुमच्या बसनं भागवा!"

गाडीभर हशा पिकला. मला मात्र हसू येईना. एवढ्या घाटाची वीज बनते आणि माणूस रात्री साप-विंचवातून विहिरीवरची मोटर चालू करायला जातो!

* * *

आता चाचणी. त्याआधी घाटातली जुनी रीत सांगायला हवी. डिझेलची गाडी खच्चून भरली की तिसऱ्या वळणावर दम टाकायची. सलीमभाई घंटी द्यायचे. बायका, पोरं, सामान गाडीत. पुरुष मंडळी खाली उतरून पायवाटेनं वर. हलकी झालेली गाडी कशीबशी माथा गाठायची. वर रेडिएटरमध्ये पाणी ओतून होईतो मंडळी धापा टाकत पोचायची. कोणी सांगायचं नाही, कोणी विचारायचं नाही.

चाचणीला मुंबईहून साहेब आले. त्याच सकाळी वीज गेली. बॅटरी अर्धीच भरलेली. साहेब काकांच्या शेजारी, नजर टक्क्यावर. मी त्यांच्या मागे. तिसऱ्या वळणावर पुढे ट्रक अडकला होता. काकांनी गाडी थांबवली. मागून घंटी वाजली. दार उघडल्याचा आवाज आला. मी मागे वळायचं धाडसच केलं नाही.

ट्रक हलला. गाडी भुर्रकन माथ्यावर!

"वा! टक्का तर चांगलाच राहिला," म्हणत साहेब मागे वळले. मागे बायका, पोरं आणि पिशव्या.

"प्रवासी कुठं गेले?"

बायका खिडकीबाहेर बघायला लागल्या. शेवटी काकाच म्हणाले, "येऊन राह्यले साहेब. गाडीच लवकर आली."

तेवढ्यात मंडळी आली. सगळ्यात पुढे ते टोपीवाले आजोबा. ते थेट काकांच्या खिडकीशी गेले. "काय बे वानखड्या, इतकी पळवतेत काय? इथं आमचा जीव चालला!"

सलीमभाईंनी कॅन उघडून सगळ्यांना पाणी पाजलं. जाता जाता माझ्या कानाशी म्हणाले, "देखा बेटा?"

साहेब हसले नाहीत. "ही चाचणी मी धरत नाही. उद्या पुन्हा. आणि उद्या दाराशी मी बसणार!"

दुसऱ्या दिवशी सकाळी वीज पुन्हा गेली. मी म्हटलं, "सर, परवा करू." ते म्हणाले, "रोज अशीच वीज मिळणार असेल, तर आजच बघायला हवं." त्यांचं खरं होतं. त्याचाच तर राग आला.

मलकापुरात गाडी ठासून भरली. बातमी सगळ्यांना कळलेली. घाट लागायच्या आधीच आजोबा ओरडले, "एसी बंद करा रे! गाडी चढली पाह्यजे!" एसी बंद झाला. बाहेर पाऊस, आत एवढी माणसं. काचांवर वाफ धरली, काका आपल्यापुरती पुसत होते, बाकी कोणाला बाहेरचं काही दिसेना. सगळ्यांचे डोळे त्या टक्क्यावर. साहेबांचेही.

टक्का उतरत होता. इंजिनाचा आवाज नाही, माणसांचा तर नाहीच. तिसऱ्या वळणावर आजोबा सवयीनं अर्धवट उठले.

"बसा आजोबा," साहेब म्हणाले.

आजोबा बसले. आणखी एक वळण. आणखी एक. आकडा लाल झाला. सलीमभाईंचा हात घंटीच्या दोरीवर गेला आणि मागे आला. मी डोळे मिटून घेतले. डोळ्यांपुढे तो बुडालेला पेपर.

कोणीतरी माझ्या खांद्याजवळ वाकलं. साहेब होते. हळू आवाजात म्हणाले,

"मॅडम... मी उतरू का?"

काकांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

"आता कशाले साहेब? वर येऊन किती वेळ झाला!"