लाल पडलेली मासळी

कॉलेजच्या एका सरांनी मला फसवलं.

आज टोपलीतून ओलसर खाऱ्या मासळीचा वास आला आणि आष्टीच्या बाजारातली पंचवीस वर्षांपूर्वीची ती दुपार आठवली. माझ्या खारवलेल्या मासळीवर पावसाळ्यात लाल थर चढायचा. तो समुद्रातला नवा जंतू असावा, असं सरांना वाटे. पण तपासायला नेलेला तो थर त्यांच्या प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत वाढेना.

"समुद्राइतकं मीठ घातलं, मावशी, तरी मरतो."

"मरंलच की! तो मिठातच राहून राह्यला. मीठ विरघळायचं थांबंल, तवर घाला."

सरांनी लगेच वहीत लिहून घेतलं. मग मी म्हटलं, "फुकट न्हाई सांगितलं. नवा निघाला, तर आष्टीचं नाव द्यायचं."

"जंतूला? गाव मारील मला!"

"बिलकुल द्यायचं. हाणा टाळी."

त्यांनी टाळी दिली. मिठानं चिरलेला माझा तळवा चुरचुरला, तरी सौदा जिंकल्याच्या आनंदात मी हसले. आता कळतं, जन्मभर घासाघीस करणारीनं त्या दिवशी माल आधी दिला आणि बोली नंतर केली.

जंतू वाढला, नवा ठरला. शाळेच्या गुरुजींनी सरांचा छापील लेख वाचून दाखवला. जंतूला सरांच्या गुरूंचं नाव होतं. मिठाचं प्रमाण म्हणे 'आमच्या प्रयोगांतून' सापडलं.

सर, कुठल्या प्रयोगातून? मला नको, तो लेख आला त्याच मासिकात छापून उत्तर द्या.